बोटीसाठी रग्ड लॅपटॉप घेतला त्याचा अनुभव (मिठाबद्दल लेखी विचाराच)

बोटीवर वापरायला रग्ड (म्हणजे धक्के, धूळ, पाणी सोसणारा दणकट) लॅपटॉप शोधताय त्यांच्यासाठी लिहितेय. आमचा घेऊन झाला, बसवून झाला, चालतोयही मस्त. पण एका साध्या प्रश्नाचं उत्तर मिळवताना जो वैताग आला तो अजून डोक्यातून जात नाहीये, त्यामुळे आधी तेच सांगते, बाकीचं जसं आठवेल तसं.

प्रश्न एवढाच होता की हा लॅपटॉप खाऱ्या हवेत टिकतो का, त्याची तशी टेस्ट झालीये का, आणि चार्जिंगची वायर लावलेली असताना अंगावर शिंतोडे आले तर चालतं का. बस. बोटीसाठी घेणारा प्रत्येक माणूस हेच विचारणार ना?

आमची शिडाची छोटी बोट आहे, मी आणि दादा मिळून चालवतो. सुकाण्यापाशी चार्टप्लॉटर (समुद्राचा नकाशा दाखवणारी स्क्रीन) आहेच, लॅपटॉप लागतो तो ओपनसीपीएन या नकाशाच्या सॉफ्टवेअरवर मार्ग आखायला, एआयएसवर (जहाजं आपली जागा रेडिओवरून कळवतात ती यंत्रणा) आजूबाजूची जहाजं बघायला आणि हवामानाच्या फाइली उघडायला. केबिनच्या दाराशी, स्प्रेहूडच्या (दारावरच्या कापडी छताच्या) आडोशाला ठेवतो, म्हणजे थेट लाट येत नाही पण शिंतोडे आणि खारा वारा कायम. आधीचा साधा लॅपटॉप एकदाही भिजला नव्हता, खरंच एक थेंब नाही, तरी त्याचे यूएसबी पोर्ट हिरवे पडले आणि मग कीबोर्डची एकेक की मरत गेली. कारण मीठ हवेतूनच येतं. पंखा हवा आत ओढतो, त्याबरोबर मिठाचे बारीक कण आत जाऊन बोर्डावर बसतात, आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते कोरडं मीठ परत पाणी ओढून ओलं होतं. समुद्रावर रात्री आर्द्रता बहुतेक वेळा त्याच्या वरच असते. म्हणजे रोज रात्री आत खारं पाणी तयार होतं, त्यात वीज चालू, मग धातू गंजणार नाही तर काय होणार.

म्हणून मी पहिल्या दिवसापासून पाण्यापेक्षा मिठाबद्दलच विचारत होते. आणि तिथेच सगळं अडकलं.

एका विक्रेत्याला फोन केला. "मॅडम, हा मिलिटरी ग्रेड आहे, काही काळजीच करू नका." म्हटलं, हो, पण मिठाची टेस्ट झालीये का? "मॅडम, मिल-एसटीडी-८१० पास आहे, त्यात सगळं येतं." तर नाही हो, त्यात सगळं येत नाही! हे नीट समजून घ्या कारण सगळी गोम इथेच आहे. मिल-एसटीडी-८१० म्हणजे एक टेस्ट नाही, तो अमेरिकी संरक्षण खात्याचा जाडजूड दस्तऐवज आहे (त्याची 'जी' ही आवृत्ती २००८ ची, 'एच' ही २०१९ ची) आणि त्यात वेगवेगळ्या टेस्टना नंबर आहेत. ५०६ पाऊस, ५०७ दमटपणा, ५१० धूळ-वाळू, ५१४ कंपनं, ५१६ आपटणं-धक्के, आणि आपल्याला हवी ती ५०९, मिठाचं धुकं. कुठल्या टेस्ट करायच्या ते कंपनी ठरवते, आणि पास झाल्याचा शिक्का ते खातं मारत नाही, कंपनी स्वतः सांगते किंवा बाहेरच्या लॅबकडून करून घेते. म्हणजे एखाद्याने फक्त आपटायची आणि कंपनाची टेस्ट केली तरी जाहिरातीत मिलिटरी ग्रेड लिहिता येतं. आणि ५०९ बऱ्याच मॉडेलांच्या यादीत नसतेच.

हे मी त्या माणसाला समजावून सांगितलं तर त्याने माहितीपत्रक पाठवलं. जे माझ्याकडे होतंच. मग कंपनीच्या सपोर्टला लिहिलं. तिकीट नंबर आला, वाट बघितली, उत्तर आलं की आपली चौकशी विक्री विभागाकडे पाठवलीये. विक्री विभागाने परत तेच माहितीपत्रक पाठवलं. मी लिहिलं की ५०९ चा रिपोर्ट हवाय, त्यावर उत्तर "आमची उत्पादने अत्यंत कठीण परिस्थितीसाठी बनवलेली आहेत". आणि त्यानंतर मेल की आपल्या शंकेचं निरसन झाल्यामुळे तिकीट बंद करतोय, कृपया सेवेला तारे द्या. माझ्या शंकेला कोणी हातसुद्धा लावला नव्हता! परत तिकीट उघडलं, परत नवीन माणूस, परत पहिल्यापासून सगळं सांगा, कुठल्या कामासाठी घेताय, किती नग घेताय. एकच घेणार म्हटल्यावर तर उत्तरं यायची अजूनच मंदावली, हे मला फार लागलं. एक नग घेणाऱ्याचा जीव काय कमी किमतीचा असतो का? रात्री उथळ पाण्यात शिरताना तीच स्क्रीन बघणार ना मी.

दादा म्हणत होता, सोड ना, दोन साधे सेकंडहँड घेऊ, एक वापरू आणि एक हवाबंद पिशवीत ठेवू, गेला की फेकू. हा सल्ला वाईट नाहीये, कोरड्या केबिनमध्येच चार्ट टेबलावर वापरणार असाल तर मीही हेच सांगेन. पण दाराशी, शिंतोड्यात, उन्हात वापरायचा असेल तर साध्या लॅपटॉपची स्क्रीनच दिसत नाही, आणि बिघडायचा तो नेमका वापरात असतानाच बिघडतो. म्हणून मी हटून बसले.

शेवटी कोंडी फुटली ती मेल लिहायची पद्धत बदलल्यावर. लांबलचक समजावणं बंद केलं आणि दोन-तीन कंपन्यांना तेच सुटे प्रश्न पाठवले, हो किंवा नाही एवढंच उत्तर मागितलं. या मॉडेलची ८१०एच मधली ५०९ टेस्ट झालीये का. झाली असेल तर लॅपटॉप चालू होता की बंद, आणि पोर्टची झाकणं उघडी होती की बंद. आयपी रेटिंग (धूळ-पाण्यापासून किती बचाव होतो त्याचा आकडा) चार्जिंगचं झाकण उघडून वायर लावल्यावर लागू राहतं का. खाऱ्या पाण्याने किंवा गंजाने बिघडला तर वॉरंटीत येतं का. आणि खाली एक ओळ, की उत्तर लेखी नसेल तर खरेदी करणार नाही. एका ठिकाणाहून अजूनपर्यंत उत्तर नाही, त्यांना मी यादीतूनच काढलं. पण दुसऱ्या एका कंपनीतून थेट इंजिनिअरचं उत्तर आलं, सोबत लॅबच्या रिपोर्टचं पीडीएफ! इतका आनंद मला लॅपटॉप हातात आल्यावर पण झाला नाही. दादाला फोन करून वाचून दाखवलं अख्खं.

त्यात लिहिलं होतं की ५०९ केलीये, म्हणजे ५ टक्के मिठाचं पाणी, ३५ अंश सेल्सिअस, २४ तास धुकं आणि २४ तास वाळवणं, असं दोनदा. झाकणं सगळी बंद. हेही लक्षात ठेवा की ही टेस्ट म्हणजे वर्षानुवर्षं समुद्रावर टिकण्याची हमी नाही, मूळ दस्तऐवजातच तसं म्हटलंय. पण केलेली असणं आणि अजिबात नसणं यात खूप फरक आहे, निदान कोणीतरी मिठाचा विचार करून सांधे आणि स्क्रू निवडलेत एवढं कळतं.

आणि झाकणाचं उत्तर अगदी सरळ होतं, झाकण उघडं असेल तर आयपी रेटिंग लागू नाही. हे कुठल्याच माहितीपत्रकात ठळक लिहिलेलं मला दिसलं नाही. विचार करा, बोटीवर आपण लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जिंगला लावूनच वापरतो, जीपीएसची वायर लावतो, एआयएसची वायर लावतो, म्हणजे ज्या आकड्यासाठी एवढा शोध घेतला तो आकडा ऐन वापराच्या वेळी गायब. त्या इंजिनिअरनेच उपाय सांगितला, चालू असतानाच बॅटरी बदलता येते असं मॉडेल घ्या. आता आम्ही तसंच करतो, एक बॅटरी खाली केबिनमध्ये चार्ज होत असते, बाहेरची संपत आली की लॅपटॉप आत नेऊन, हात कोरडे करून बदलायची आणि परत बाहेर. एआयएस आणि जीपीएसचा डेटा वायफायवरून घेतो, म्हणजे बाहेर असताना एकही झाकण उघडत नाही. या एका उत्तरासाठी सगळी मारामारी वसूल झाली असं मी म्हणेन.

आयपीच्या आकड्यांचं पण सांगून टाकते. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ५३ म्हणजे वरून आणि तिरके येणारे शिंतोडे, बस तेवढंच. ६५ म्हणजे पाण्याची धार, ६६ म्हणजे जोराची धार, ६७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. पण ६७ आहे म्हणजे ६६ आपोआप आलं असं नसतं, बुडवायची आणि धार मारायची टेस्ट वेगवेगळी. आणि या सगळ्या टेस्ट गोड्या पाण्याच्या आहेत. एकाच कंपनीत पण फरक असतो, पॅनासॉनिकचं टफबुक ५५ आयपी ५३ आहे आणि टफबुक ४० आयपी ६६, गेटॅकचं एस४१० आयपी ५३ आणि बी३६० आयपी ६६. म्हणून नुसतं रग्ड या शब्दावर जाऊ नका, मॉडेल बघा. स्प्रेहूडखाली ५३ निभावून जाईल, उघड्या कॉकपिटमध्ये (सुकाण्यापाशी बसायच्या जागेत) मी ६५ च्या खाली जाणार नाही.

स्क्रीन. साध्या लॅपटॉपचा उजेड २५०-३०० निट्स असतो, उन्हात काळा आरसा. १००० च्या वर घ्या. पण घ्यायच्या आधी पोलराइज्ड गॉगल घालून बघा, लॅपटॉप आडवा उभा फिरवून, काही स्क्रीन एका कोनात पूर्ण काळ्या दिसतात आणि आपण बोटीवर तोच गॉगल घालतो. रात्री उलटं, किती मंद होते ते बघा, कारण एकदा डोळे दिपले की अंधारात परत दिसायला अर्धा तास जातो. ओपनसीपीएनमध्ये रात्रीची रंगसंगती आहे पण स्क्रीनचा उजेडच कमी होत नसेल तर तिचा फारसा उपयोग नाही. टचस्क्रीनवर पाण्याचे थेंब पडले की खोट्या टिचक्या लागतात आणि नकाशा भलतीकडे सरकतो, त्यामुळे टच बंद करायचं बटण कुठे आहे ते पाठ असू द्या.

प्रोसेसर, मेमरी वगैरेवर डोकं घालवू नका, नकाशाच्या कामाला फार ताकद लागत नाही. उलट ताकदीचा घेतला तर पंखा जास्त, बॅटरी लवकर संपते. बिनपंख्याचा मिळाला तर उत्तमच. जुना घेणार असाल तर आत फिरती हार्ड डिस्क नाही ना बघा, बोट लाटेवर आपटते तेव्हा तिची वाट लागते, एसएसडीच हवी.

हां, चार्जिंगचं राहिलं. बोटीवर १२ व्होल्ट, लॅपटॉपला साधारण १९-२० लागतात. इन्व्हर्टर लावून परत चार्जर लावणं म्हणजे दोनदा वीज वाया, थेट १२ वरून चालणारा डीसी अडॅप्टर घ्या. पण स्वस्तातला नको, कारण त्यातून रेडिओला खरखर येते. आम्ही एक लावून बघितला तर बोटीच्या व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर (संकटात हाक द्यायचा चॅनल) नुसता आवाज, आणि एआयएसवर लांबची जहाजं दिसायची बंद. १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ आणि एआयएस १६२ च्या आसपास, दोन्ही त्याच गोंगाटात सापडतात. अडॅप्टर लावून आणि काढून, दोन्ही वेळा स्क्वेल्च (रेडिओची खरखर दाबणारी सेटिंग) उघडून रेडिओ ऐका, फरक लगेच कळतो. बदलला आणि शांत झालं.

लॅपटॉप होकायंत्रापासून लांब बसवा, स्पीकरमध्ये आणि स्क्रीनच्या झाकणात चुंबक असतात. आम्ही लॅपटॉप जागेवर ठेवून, उचलून, परत ठेवून सुई बघितली आणि मग पक्का केला.

रोज संध्याकाळी गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने बाहेरून पुसतो, झाकणांच्या रबराच्या कडा खास करून, तिथे मिठाचा खडा बसला तर झाकण नीट बसत नाही. ते रबर सुटं मिळतं का तेही खरेदीच्या वेळीच विचारा.

वॉरंटीच्या प्रश्नाचं उत्तर सांगायचं राहिलं, गंज साध्या वॉरंटीत नाही, अपघाती नुकसानीची वेगळी योजना घेतली तर खारं पाणी त्यात येतं असं त्यांनी लेखी दिलं, ती मी घेतली आणि तो मेल छापून बोटीच्या कागदांत ठेवलाय.

अजून एक, आम्ही बाहेर वायफाय वापरतो पण एक यूएसबी जीपीएस आत जादाचा ठेवलाय. तो विंडोजला लावल्यावर कधीकधी विंडोज त्याला माऊस समजतं आणि कर्सर स्क्रीनभर उड्या मारत आपोआप क्लिक करत सुटतो, लॅपटॉपच बिघडला असं वाटतं. जीपीएस काढा, विंडोज पूर्ण चालू होऊ द्या, मग लावा. तरीही झालं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या यादीत सीरियल बॉलपॉइंट नावाचं काहीतरी दिसेल ते डिसेबल करा, अनइन्स्टॉल करू नका, नाहीतर पुढच्या वेळी परत येतं. हे धक्क्याला बांधलेले असतानाच करून ठेवा.