दारू ते कैलाहून: सिएरा लिओनमध्ये शांतिसेनेच्या वाटेने

सिएरा लिओनला जाणारे बहुतेक प्रवासी फ्रीटाऊनच्या समुद्रकिनाऱ्यांसाठी किंवा बन्स बेटावरच्या, गुलामांच्या व्यापाराची साक्ष देणाऱ्या पडक्या किल्ल्यासाठी जातात. आम्हा दोघांना मात्र देशाच्या पूर्व टोकाचा एक रस्ता पाहायचा होता. २००० सालच्या मे महिन्यात कैलाहून या गावी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील भारतीय सैनिक बंडखोरांच्या वेढ्यात अडकले आणि जुलैच्या मध्यावर ‘ऑपरेशन खुकरी’ने त्यांची सुटका झाली. ती दारू ते कैलाहून या पन्नास-साठ किलोमीटरच्या पट्ट्यात झाली. इतक्याशा अंतरासाठी अडीच महिने का लागावेत, हा प्रश्न नकाशा पाहून सुटत नव्हता.

आम्ही जानेवारीत गेलो आणि याच सुमारास जावे, असे आग्रहाने सांगेन. मे ते ऑक्टोबर तेथे पाऊस असतो, जुलै-ऑगस्टमध्ये तो कोकणाला लाजवील असा कोसळतो, आणि मुख्य रस्ता सोडून आत शिरण्याचा विचारही तेव्हा करू नये. पिवळ्या तापाच्या लसीचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वीच सुरू कराव्यात आणि परतल्यावरही सांगितले तितके दिवस घ्याव्यात. विमानतळ लुंगी येथे, म्हणजे खाडीच्या पलीकडे आहे. तेथून फ्रीटाऊनच्या अबरडीन भागात यायला बोट घ्यावी लागते. विमानतळावर येताना आणि जाताना सुरक्षा आकार म्हणून प्रत्येकी २५ डॉलर घेतले जातात, तो ऑनलाइन आधी भरून पावती छापून ठेवल्यास रांगेतला बराच वेळ वाचतो. चलनाच्या बाबतीत एक घोळ लक्षात ठेवावा: १ जुलै २०२२ रोजी लिओन या तेथल्या चलनातून तीन शून्ये वगळली गेली, पण बाजारात अजूनही लोक जुन्या हिशेबाने बोलतात. आंब्याच्या फोडींना ‘दहा हजार’ ऐकून मी दचकलो; द्यायचे होते दहा.

फ्रीटाऊनमध्ये दोन दिवस राखून ठेवावेत. अबरडीनमधील मॅमी योको हॉटेल हे शांतिसेनेचे मुख्यालय होते. आज तेथे पोहण्याचा तलाव आणि परिषदा आहेत, आणि युद्धाच्या काळाची आठवण देणारे मला तरी काही दिसले नाही. न्यू इंग्लंड भागातील, या युद्धातील गुन्ह्यांसाठी नेमलेल्या विशेष न्यायालयाच्या आवारातले शांतता संग्रहालय मात्र चुकवू नये; आधी संपर्क करून वेळ ठरवावी. १९९१ च्या मार्चमध्ये लायबेरियाच्या हद्दीतून आरयूएफ म्हणजे रिव्होल्युशनरी युनायटेड फ्रंट या संघटनेचे बंडखोर बोमारू गावात शिरले, तेथपासून जानेवारी २००२ मध्ये युद्ध संपल्याची घोषणा होईपर्यंतची अकरा वर्षे तेथे कागदपत्रांतून आणि शस्त्रांतून उभी राहतात. शेजारच्या राष्ट्राचा माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर याला याच न्यायालयाने २०१२ साली पन्नास वर्षांची शिक्षा दिली, जरी तो खटला सुरक्षेच्या कारणास्तव हेगला चालवला गेला. हात तोडल्या गेलेल्या माणसांची छायाचित्रे पाहून आम्ही बाहेर आलो, तेव्हा समोरून ‘बजाज’ लिहिलेली पिवळी रिक्षा धावत गेली. तिला तेथे केके म्हणतात. पुण्याच्या माणसाला परक्या मुलखात इतका दिलासा दुसरे काही देत नसेल.

पूर्वेकडे जाण्यासाठी चालकासह चारचाकी भाड्याने घ्यावी. पोडा-पोडा म्हणजे खच्चून भरलेल्या मिनीबस स्वस्त असतात, पण हव्या त्या ठिकाणी थांबता येत नाही. ओकाडा म्हणजे भाड्याची मोटारसायकल गावातल्या गावात ठीक आहे, लांब पल्ल्याला नको. बो शहरापर्यंत चार तास, तेथून केनेमा तासाभरावर. केनेमाच्या हांगा रोडवर दुतर्फा हिरे खरेदीची दुकाने आहेत. रस्त्यात कोणी कागदाच्या पुडीतून खडा काढून दाखवला, तर हसून पुढे जावे. तो काचेचा असला तर फसाल आणि खरा असला तर तुरुंगात जाल. याच खड्यांवर बंडखोरांची शस्त्रे येत होती, म्हणून ५ जुलै २००० रोजी सुरक्षा परिषदेने सिएरा लिओनच्या कच्च्या हिऱ्यांवर बंदी घातली. केनेमाच्या परिसरात उंदरांमुळे पसरणारा लासा ताप आहे. उघडे अन्न खाऊ नये आणि मुक्कामाच्या खोलीत खाण्याचे पदार्थ झाकून ठेवावेत.

दारू गाव मोआ नदीच्या काठी आहे. गावाचे नाव ऐकून मराठी माणसाला हसू येते, आणि कैलाहूनचे तर विचारूच नये, कारण त्याला पंचमीचा प्रत्यय आधीच लागलेला असल्यामुळे ‘कैलाहूनहून निघालो’ असे म्हणावे लागते. त्यात तेथली मेंडे भाषा बोलणारी माणसे भेटल्यावर ‘बुआ’ म्हणून अभिवादन करतात. आम्हीही उलट ‘बुआ’ म्हणू लागलो आणि दोन्ही बाजूंना ते आवडले. दारूला लष्करी छावणी आहे, २००० साली भारतीय तुकड्यांचा तळ येथेच होता. छावणी, पूल, पोलीस चौकी यांपैकी कशाचेही छायाचित्र काढू नये. मी मोआच्या पुलावर नदीकडे कॅमेरा वळवला, तर एका शिपायाने थांबवून अर्धा तास शांतपणे प्रश्न विचारले. तक्रारीला जागा नव्हती, चूक माझी होती.

पुलापलीकडे रस्ता पेंडेंबूच्या दिशेने वळतो आणि मग आमच्या प्रश्नाचे उत्तर दिसू लागते. दोन्ही बाजूंना झाडी इतकी दाट आहे की दहा पावलांवरचा माणूस दिसू नये. मध्येच कोको आणि कॉफीच्या बागा, मध्येच दलदलीतील भातखाचरे, आणि दर दोन-तीन किलोमीटरवर एखादा ओढा. आमच्या चालकाने एका मोरीजवळ गाडी थांबवून खाली उतरायला सांगितले. मोरी म्हणजे सिमेंटच्या दोन नळ्या आणि वर भराव, रुंदी जेमतेम एका ट्रकची. ती उखडली तर चिलखती गाडीला ना पुढे जाता येते, ना वळता येते, हे तेथे उभे राहिल्यावर सांगावे लागत नाही.

२००० साली या रस्त्याच्या शेवटी, आरयूएफच्या बालेकिल्ल्यात, आठव्या गोरखा रायफल्सच्या पाचव्या बटालियनच्या नेतृत्वाखालील भारतीय तुकडीच्या दोन कंपन्या आणि अकरा लष्करी निरीक्षक होते. जुलै १९९९ च्या लोमे शांतता कराराने बंडखोरांना सरकारात वाटा दिला होता आणि शांतिसेनेने त्यांची शस्त्रे गोळा करायची होती. प्रत्यक्षात मे महिन्यात बंडखोरांनीच देशभरात सुमारे ५०० शांतिसैनिक ओलीस धरले. कैलाहूनच्या भारतीयांनी शस्त्रे खाली ठेवायला नकार दिला, त्यामुळे ते वेढ्यात राहिले. वाटाघाटी थकल्यावर शांतिसेनेचे प्रमुख मेजर जनरल विजयकुमार जेटली यांनी कारवाईचा निर्णय घेतला. १५ जुलैच्या पहाटे ब्रिटिशांच्या शिनूक हेलिकॉप्टरांनी निरीक्षकांना उचलले, कैलाहूनच्या तुकड्या लढत पेंडेंबूकडे निघाल्या, आणि दारूहून दुसरी फळी त्यांना भेटायला पुढे सरकली. पाऊस इतका होता की सकाळी हवाई मदत काही काळ थांबली. दुसऱ्या दिवशी सारे दारूला पोहोचले. एक भारतीय जवान कामी आला.

एवढी कथा आपल्याकडे अनेकांना ठाऊक असते. तिचा उरलेला भाग मला कैलाहूनच्या चौकात, अटाया या कडू-गोड चहाच्या टपरीवर कळला. हा चहा एका लहान किटलीत कोळशावर तासभर उकळतात आणि उंचावरून धार धरून पुन्हा पुन्हा पेल्यात ओततात. पन्नाशीच्या एका गृहस्थाने ‘तुम्ही इंडियन?’ असे विचारले आणि भारतीय सैनिकांच्या डॉक्टरने आपल्या आईला औषध दिल्याची आठवण सांगितली. मग तो म्हणाला, “ते गेले ते बरेच झाले, नाहीतर मेले असते. पण ते गेले आणि आम्ही इथेच होतो.” मला त्यावर बोलायला सुचले नाही. सुटका झाली होती ती शांतिसैनिकांची. या गावात आणि जिल्ह्यात त्यानंतरही दीड वर्ष आरयूएफचीच सत्ता राहिली. केनेमा आणि कैलाहूनमधील शस्त्रे सर्वांत शेवटी, जानेवारी २००२ पर्यंत जमा झाली. याच चौकात १९९८ साली बंडखोरांनी साठहून अधिक माणसांना मारले होते, हे न्यायालयाच्या निकालात नोंदलेले आहे. चौक आज गजबजलेला असतो, मोबाइलची रिचार्ज कार्डे आणि शेंगा विकल्या जातात.

म्हणून ‘खुकरी’ला मोहिमेचे यश म्हणताना मी आता थोडा अडखळतो. ती लष्करी दृष्टीने चोख कारवाई होती. पण शांतिसेना नेमणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या ठरावात, क्रमांक १२७० मध्ये, तत्काळ धोक्यात असलेल्या नागरिकांचे रक्षण करण्याची जबाबदारी स्पष्ट लिहिली होती, आणि त्या कामासाठी सुरुवातीला मंजूर होते ते केवळ ६,००० सैनिक. पुढे ही संख्या १७,५०० वर नेली गेली, ब्रिटनचे सैन्य उतरले, हिऱ्यांची वाट अडवली गेली, तेव्हा ७५,००० हून अधिक लढवय्यांनी शस्त्रे टाकली. भारताने मात्र त्यापूर्वीच, जेटली आणि शांतिसेनेतील नायजेरियन अधिकारी यांच्यातला वाद चव्हाट्यावर आल्यावर, सप्टेंबर २००० मध्ये आपली तुकडी मागे घेण्याचे जाहीर केले होते.

कैलाहूनला मुक्काम करायचा असल्यास साधी अतिथिगृहे मिळतात. वीज जनरेटरवर असते, म्हणून विजेरी आणि पॉवर बँक जवळ ठेवावी. गावात पोहोचल्यावर आधी गावप्रमुखांना भेटून येण्याचे कारण सांगावे आणि थोडी भेट द्यावी, ही तेथील रीत आहे. आम्ही ती पाळली, म्हणून पुढे कोणी हटकले नाही. शाकाहारी मंडळींनी कसाव्याच्या पाल्याची भाजी पाहून हुरळून जाऊ नये, तिच्यात सुकी मासळी हमखास असते. आम्ही मेतकूट आणि भडंगावर तीन दिवस काढले, भात सगळीकडे मिळतो. युद्धाबद्दल आपणहून विचारू नये. ‘हाउ डी बॉडी’ (कसे आहात) असे क्रिओ भाषेत विचारावे, ‘आ टेल गॉड टेंकी’ (देवाचे आभार) हे उत्तर ऐकावे आणि चहा संपेपर्यंत बसून राहावे.

बोमारूपर्यंत जाण्याची इच्छा असेल तर आणखी एक दिवस हवा, कारण वाट कच्ची आहे. युद्ध सुरू झाल्याला सतरा वर्षे झाली त्याच तारखेला, २३ मार्च २००८ रोजी, तेथे शेकोटीभोवती बसून मारणाऱ्यांनी आणि वाचलेल्यांनी एकमेकांशी बोलण्याचा पहिला ‘फांबुल टॉक’ झाला. आम्हाला जाता आले नाही, टायर फुटला आणि जवळचा जादा टायरही जुना निघाला. तेव्हा गाडी ठरवताना जादा टायर स्वतः काढायला लावून पाहावा, आणि लुंगीची परतीची बोट विमानाच्या वेळेआधी किमान पाच तासांची घ्यावी.