तीन झाडं, अकरा नावं

दक्षिण इटलीतल्या ब्रिंदिझीपासून गाडीने साधारण अर्ध्या तासावर, ओस्तुनीच्या टेकडीखाली आम्ही भाड्याने राहतो. घरामागे पूर्वी ऑलिव्हची मोठी बाग होती. २०१३ मध्ये इथून दक्षिणेकडच्या गाल्लीपोलीजवळ झायलेला नावाच्या जिवाणूचा रोग सापडला आणि तो वर सरकत आमच्या भागापर्यंत आला. आता नुसती खोडं उभी आहेत. घरमालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या. मी त्यांना सिन्योराच म्हणते. त्यांनी ठरवलं, मोकळ्या तुकड्यात अंजीर लावायचं, आणि तेही बाहेरून आणून नाही, घराजवळच्या तीन जुन्या झाडांचे फाटे घेऊन. कारण मागे एका रोपवाटिकेतून 'दोत्तातो' (पांढऱ्या अंजिराची एक जात) म्हणून आणलेल्या रोपाला दुसऱ्या वर्षी चक्क काळी फळं लागली होती.

तर आधी आपल्याकडे काय आहे ते नीट लिहून काढायचं. हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण माझं माहेर सासवडजवळच्या दिव्याचं, असं मी एकदा बोलून गेले होते. "अंजिराच्या गावची पोर, तुला कळणारच," असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या. आता त्यांना काय सांगू? पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते खरं, पण आमच्याकडे जात कोण विचारतं? बाजारात अंजीर म्हणजे अंजीर. विचारलंच तर बहार विचारतात, खट्टा की मीठा.

पहिल्या आठवड्यात मी फक्त नावं गोळा केली. विहिरीजवळच्या झाडाला सिन्योरा 'ओत्ताता' म्हणत, शेजारी नुसतं 'ब्यांका' म्हणजे पांढरी, आणि रोपवाटिकेच्या यादीत तसंच चित्र 'दोत्तातो' नावाखाली. कॅलिफोर्नियातल्या चुलत बहिणीला फोटो पाठवला तर ती म्हणाली, अगं, हे तर आमचं 'कादोता'. फाटकाजवळच्या झाडाला 'सान जोव्हान्नी', 'फिओरोने' आणि 'पेत्रेल्ली' अशी तीन नावं. मागच्या काळ्या झाडाला कुणी 'नेरा', कुणी 'ब्रोजोत्तो', कुणी 'फ्राकात्सानो'. वहीत दहा नावं झाली. अकरावं पुढे यायचं होतं.

मधेच एक गंमत. रोममध्ये भाषा शिकताना बाईंनी बजावलं होतं की इटालियनमध्ये फळं बहुतेक स्त्रीलिंगी, पण अंजीर मात्र 'फिको', पुल्लिंगीच. शेवटी 'आ' लावलात तर चारचौघांत मान खाली घालावी लागेल. इथे येऊन बघते तर भाजीवाल्यापासून चर्चमधल्या आज्ज्यांपर्यंत सगळे बोलीत बिनधास्त स्त्रीलिंगीच म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उगाच टोमॅटो चाचपत राहिले. पण त्यामुळे एक गाठ सुटली. ओत्ताता आणि दोत्तातो ही दोन नावं नव्हेतच. एकच शब्द बोलीत स्त्रीलिंगी आणि कागदावर पुल्लिंगी. कादोता हेही अमेरिकेत गेलेलं तेच झाड. ज्या सुक्या अंजिरांना 'चिलेंतोचं पांढरं अंजीर' (२००६) आणि 'कोझेन्झाचं अंजीर' (२०११) अशी युरोपीय मानांकनं आहेत, त्या दोन्हींच्या मुळाशीही दोत्तातोच. गावाचं नाव लागलं की जात निराळी असं मी धरून चालले होते, ते तिथेच संपलं.

'फिओरोने'ने मात्र मला महिनाभर फिरवलं. बाजारात जूनमध्ये पाटीवर 'फिओरोनी' आणि ऑगस्टमध्ये 'फिकी'. मला वाटलं दोन जाती. आप्पांना फोनवर सांगत होते, तर ते मधेच म्हणाले, "अगं, झाड तेच ना? मग ते बहाराचं नाव असेल." तेच निघालं. गेल्या वर्षीच्या जुन्या फांदीवर धरून जूनमध्ये पिकतात ते फिओरोनी, नव्या फुटीवर येऊन ऑगस्ट-सप्टेंबरात पिकतात ते 'फोर्नीती'. आपल्याकडे छाटणी आणि पाण्याचा ताण देऊन बहार धरतात, इथे झाडच दोनदा देतं, एवढाच फरक. आणि 'सान जोव्हान्नी' म्हणजे २४ जूनचा संत योहानाचा सण. त्या सुमाराला पिकणाऱ्या कुठल्याही अंजिराला हे नाव चिकटतं.

मग मी शहाण्यासारखी पद्धत धरली. अंजीर कसं नोंदवावं याची एक सूची रोमच्या आंतरराष्ट्रीय वनस्पती जनुकसंपदा संस्थेने २००३ मध्ये काढली आहे. पानाला किती खाचा, देठाशी पानाचा आकार कसा, फळाला मान आहे की नाही, बुडाचं तोंड उघडं की मिटलेलं, सालीवर कंगोरे, गराचा रंग. ओट्यावर फळं उभी चिरून, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून मी वही भरली. पानांनी दगा दिला. एकाच फांदीवर तीन खाचांचं पान आणि शेजारी पाच खाचांचं. शिवाय काळ्या झाडावर पिवळे डाग पडलेली वेडीवाकडी पानं होती. तो मोझाइक विषाणू, अंजिरात सर्रास असतो. मी दोन आठवडे तीच वाकडी पानं त्या जातीची खूण म्हणून काढत बसले होते!

गरानेही तेच केलं. बहिणीच्या कादोताचा गर मधासारखा पिवळा, माझ्या विहिरीजवळच्या फळाचा गुलाबी. म्हणजे झाडं वेगळी? नाही, फरक माशीचा. इथे बांधावर 'काप्रिफिको', म्हणजे नर अंजीर, रानात उगवतं. त्यातून एक चिलटाएवढी माशी परागकण घेऊन निघते आणि कच्च्या फळाच्या तोंडातून आत शिरते. परागण झालं की बी भरतं आणि गर लालसर होतो. दोत्तातो माशीवाचूनही पिकतं, पण मग फिकं राहतं.

हे नुसतं वाचून पटेना. दुसऱ्या वर्षी मेअखेर, माशा निघण्याआधी, मी तिन्ही झाडांच्या दोन-दोन फांद्यांवर जुन्या मलमलच्या ओढणीच्या पिशव्या बांधल्या आणि जुलैच्या मध्याला काढल्या. सिन्योरा येता-जाता विचारत, झाडांना सर्दी झाली आहे का. ऑगस्टमध्ये विहिरीजवळच्या पिशवीतली फळं आतून पिवळी निघाली, उघड्या फांद्यांवरची गुलाबी. फाटकाजवळच्या झाडाचे जूनमधले मोठाले हिरवे फिओरोनी नेहमीसारखे आलेच होते, पण पिशवीतली दुसऱ्या बहाराची फळं वाटाण्याएवढी असतानाच एकूण एक गळली. याला सान पेद्रो प्रकार म्हणतात. पहिला बहार माशीशिवाय धरतो, दुसऱ्याला माशी हवीच. चिस्तेर्निनोजवळ 'पोमोनाच्या बागा' नावाची जागा आहे, तिथे अंजिराच्या शेकडो जाती पाट्या लावून जपल्या आहेत. माझी वही घेऊन तिथे गेले. फाटकाजवळचं झाड पेत्रेल्लीशी जुळलं. त्या दिवशी परतताना मी गाडीत मोठ्याने गात होते, हे लिहायला हरकत नाही.

राहिलं काळं. ब्रोजोत्तोच्या मागे मी बरीच धावले. आयरा कॉन्डिट यांनी १९५५ मध्ये जगभरच्या अंजिरांच्या जाती एका ग्रंथात मांडल्या, त्यात एका नावाखाली पर्यायी नावांची रांग बघून छाती दडपते. ब्रोजोत्तो, फ्रान्सचं बुर्जासॉत, बार्निसॉत, आणि व्हॅलेन्सियाजवळ बुर्जासोत नावाचं गावही आहे. त्यात ब्रोजोत्तो काळाही असतो आणि पांढराही. फ्राकात्सानोचंही तसंच, पांढरा आणि लाल. पण काळा ब्रोजोत्तो बसका, जाड सालीचा आणि उशिरा, सप्टेंबरात पिकणारा. आमचं फळ लांब मानेचं, पातळ सालीचं, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तयार. ब्रोजोत्तो खोडला. बागेतल्या लाल फ्राकात्सानोशीही जुळेना, तोही खोडला.

शेवटी पलीकडच्या शेतातल्या नव्वदीच्या आजोबांना एक टोपली नेऊन दिली. त्यांनी फळ हातात फिरवलं, मान वाकलेली आणि साल तडकलेली बघून ती इथली म्हण म्हटली, की अंजिराला फासावर गेलेल्याची मान हवी आणि भामट्याचा सदरा. मग खाल्लं. मग म्हणाले, ही तर चेल्येची. सिन्योरांची सासू चेल्ये मेस्सापिकाहून लग्न होऊन आली, तेव्हा तिच्या वडलांनी गाडीत फाटा टाकून दिला होता. ग्रंथात हे नाव नाही, बागेच्या पाटीवर नाही. सिन्योरांना विचारलं तर म्हणाल्या, हो, सासूबाई तसंच म्हणायच्या, त्यात काय सांगायचं?

फेब्रुवारीत आम्ही फाटे काढले. पेन्सिलीएवढे जाड, वीतभर लांब, प्रत्येक झाडाचे वीस. (आप्पांनी दोन मागितले होते. आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला नसताना बॅगेत फाटे घालून आणायचे नसतात, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.) कुंड्यांसाठी मी लाकडी पट्ट्यांवर नावं लिहून ठेवली होती: पेत्रेल्ली, चेल्ये, दोत्तातो.

सिन्योरांनी चष्मा लावून तिन्ही वाचल्या. पहिल्या दोन खोचल्या. तिसरी हातात धरून माझ्याकडे पेन मागितलं, पहिला 'द' खोडला, शेवटच्या 'ओ'चा 'आ' केला आणि मग ती मातीत रोवली.