तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, गनची कॉईल गेली नव्हती

नाशिकच्या एमजी रोडला नवीन सोल्डरिंग गन मिळते, ऑनलाइन मागवली तर घरपोच येते, मग सासऱ्यांच्या त्या जुन्या गनवर एवढा वेळ का घातलास, हे मला नणंदेनं विचारलंय, भावानं विचारलंय, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलंय, आणि ह्यांचे मित्र तर घरी आले की विचारतातच. विचारतात आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच देऊन टाकतात, "आण्णांची आठवण म्हणून ना वहिनी". की झालं, विषय संपला.

तर आठवण म्हणून नाही. आण्णांच्या आठवणी घरात खूप आहेत, त्यांचा चष्मा आहे, रेडिओ आहे, त्यांच्या अक्षरातली वही आहे, त्यातलं काहीच मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उघडायला बसले नाही. गन उघडली कारण ती मेलेली नव्हती आणि तिला मेलेली ठरवलं होतं, न बघता. मला तेवढंच सहन झालं नाही.

ज्यांनी ती फक्त टेबलावर पाहिलीय त्यांच्यासाठी थोडं सांगते. वायरी जोडायची आपली साधी २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न असते तिच्यात हीटर असतो, ती तापायला वेळ घेते आणि मग तापलेलीच राहते. गनमध्ये हीटर नसतोच. आत ट्रान्सफॉर्मर असतो, एका बाजूला बारीक तारेचे भरपूर वेढे, तिकडे आपले घरातले २३० व्होल्ट, आणि दुसऱ्या बाजूला जाड तांब्याचा जेमतेम एखादा वेढा, त्याचीच दोन टोकं पुढे बाहेर येतात आणि त्या दोन टोकांना दोन नटांनी बिट आवळलेलं असतं. बिट म्हणजे काय, तर वाकवलेली तांब्याची तार. घोडा दाबला की त्या तारेतून शंभरएक अँपिअर जातात, व्होल्टेज एकाच्याही खाली, आणि तार पाच-सहा सेकंदात शिसं, म्हणजे जोड देण्याचं शिसं-कथिलाचं सोल्डर, वितळवते. सोडलं की गार. अमेरिकेत कार्ल वेलर नावाचा एक रेडिओ दुरुस्त करणारा होता, त्यानं १९४१ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९४६ मध्ये ते मिळालं. दर वेळी आयर्न तापायची वाट बघण्याचा त्याला कंटाळा आला होता म्हणतात. आण्णांना हे नाव माहीत नव्हतं, पण वाट बघण्याचा कंटाळा त्यांनाही तेवढाच होता. व्हॉल्व्हच्या रेडिओची चेसिस, अँप्लिफायरचं अर्थिंग, असल्या जाड पत्र्यावर डाग द्यायचा, म्हणजे सोल्डरचा जोड करायचा, तर २५ वॅटची आयर्न नुसती टेकवून ठेवा, पत्रा सगळी उष्णता पिऊन टाकतो. तिथे गनच लागते. रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवर हिरवा-जांभळा डाग पडला की आण्णा गनचा घोडा दाबून ती काचेसमोर गोल फिरवत हळूहळू मागे यायचे आणि डाग जायचा, हे मी स्वतः बघितलंय. मोठ्या करंटचं चुंबकीय क्षेत्र असतं ते. म्हणूनच नाजूक आयसीच्या बोर्डावर ती वापरायची नाही, हेही त्यांनीच सांगितलेलं.

आण्णांचं दुरुस्तीचं दुकान भांडी बाजाराच्या अंगाला, एवढंसं. ऑगस्ट २०१६ च्या पुरात काय झालं ते नाशिककरांना सांगायला नको. गोदाकाठचा दुतोंड्या मारुती बुडाला, सराफ बाजारात पाणी शिरलं, आमच्या दुकानात गाळच गाळ. गन त्या गाळात होती. आण्णांनी ती चांगल्या पाण्यानं धुतली, गच्चीवर ऊन पडेल तेव्हा वाळवली, कितीतरी दिवस प्लगला लावू दिली नाही कोणाला, वेढ्यांमध्ये ओल राहिली तर खरंच जळेल म्हणून. नंतर ती चालली पण. मग पुढे कधीतरी गुरगुरायची पण तापेना. तोवर आण्णांचा हात थरथरायला लागला होता, नट स्वतः खोलणं त्यांना जमत नव्हतं.

ह्यांनी ती एका दुरुस्तीवाल्याकडे नेली, मीही गेले होते. त्यानं मीटरच्या दोन वायर बिटाच्या दोन टोकांना लावल्या, बीप वाजली, म्हणजे रस्ता अखंड. घोडा दाबला, गुरगुर आली, पुढचा छोटा दिवा लागला नाही, बिट गारच. "साहेब, कॉईल गेली. भंगारात द्या." मी विचारलं कोणती कॉईल, बारीक तारेची का जाड. तो ह्यांच्याकडेच बघून म्हणाला, ट्रान्सफॉर्मरच गेला हो. झालं.

घरी आलो. आण्णा खुर्चीत बसलेले. ह्यांनी सांगितलं कॉईल गेली. आण्णांनी एवढंच विचारलं, "बिट काढून बघितलं का त्यानं?" ह्यांनी बुटांचे बंद सोडत सोडत म्हटलं, बघितलं असेल की. आण्णा माझ्याकडे बघत होते. मी तिथे होते ना, मला माहीत होतं त्यानं नटाला हातही लावला नव्हता, आणि मी तसं सांगितलंही, नाही आण्णा, नाही काढलं. मग आण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि म्हणाले, "जाऊ दे. तो रोज करतो, त्याला कळत असेल." ज्या माणसानं पन्नास वर्षं सेटच्या आत बघितल्याशिवाय गिऱ्हाईकाला एक शब्द सांगितला नाही तो माणूस हे बोलला. मला त्या वेळी गनचं काही वाटलं नाही खरं तर, मला त्यांच्या त्या "कळत असेल"चं वाटलं. स्वतःचा हात चालत नाही म्हटल्यावर माणूस स्वतःच्या प्रश्नावरचाही हक्क सोडतो की काय. गन माळ्यावर गेली. पुढच्या वर्षी आण्णा गेले.

त्या वेळची मी म्हणाली होती, नवीन आणू आण्णा, वस्तूच आहे. आज मी तिच्याशी भांडते. पण ती अगदीच चूक बोलत नव्हती, घरात दवाखाना चालू होता, औषधांच्या वेळा होत्या, आणि वस्तू वस्तूच असते हे मी आजही मानते. दोन्ही मला पटतं, आणि ते जुळवायच्या खटपटीत मी नाहीये.

गन खाली काढली ती भावामुळे. त्याची दिंडोरीला द्राक्षं आहेत, फवारणीच्या बॅटरी पंपाची जाड वायर लगमधून, म्हणजे टोकाच्या धातूच्या पकडीतून, सारखी निघायची. २५ वॅटच्या आयर्ननं मी डाग दिला तो ड्राय, वरून शिसं दिसतं आणि आत धरलेलंच नाही. ऐन फवारणीत पंप बंद, भावाचा फोन, ताई परत सुटलं. त्या रात्री माळ्यावरून पोतं काढलं.

आता नीट ऐका, कारण खरं उत्तर इथे आहे. आण्णांचा सिरीज बोर्ड माझ्याकडे होता, १०० वॅटचा साधा बल्ब आणि त्याच्या सिरीजमध्ये सॉकेट, सॉकेटला लावलेली वस्तू जेवढा करंट ओढेल तेवढा बल्ब उजळ. आधी बिट पूर्ण काढायचं म्हणून नट खोलायला घेतला, एक नट हलेना, तेल सोडून रात्रभर ठेवला, दुसऱ्या दिवशी पक्कडीनं मागची तांब्याची नळी, म्हणजे त्या जाड वेढ्याचं टोक, घट्ट धरून खोलला, नाहीतर नळीच पिळवटते. आणि आट्यांमध्ये गाळ. पुराचा, वाळून दगड झालेला. म्हणजे २०१६ पासून तो नट कोणीच खोलला नव्हता. मी तशीच बसून राहिले किती वेळ.

मग बिट नसताना गन सिरीज बोर्डाला लावली आणि घोडा दाबला. बारीक तारेचे वेढे आतल्या आत शॉर्ट असते तर बल्ब भगभगीत लागला असता, तारच तुटलेली असती तर लागलाच नसता आणि गुरगुरही आली नसती. बल्ब मंद लागला. कॉईल ठणठणीत. मग तेच जुनं बिट जसंच्या तसं लावून दाबलं, बल्ब तरीही मंदच, म्हणजे बिटातून करंट जातच नाहीये. नटाखाली तांबं काळं पडून वर हिरवं झालं होतं, कल्हई उडालेल्या भांड्यात कळकतं तसंच. शंभर अँपिअरच्या रस्त्यात एक मिलीओहम जरी आडवा आला तर दहा वॅट तिथेच नटात जळतात, आणि इथे तर त्याहून कितीतरी जास्त असणार. साध्या मीटरच्या नुसत्या वायरींचाच रेझिस्टन्स त्या अख्ख्या बिटाच्या कितीतरी पट असतो, आणि बीप तर तीस-चाळीस ओहमच्या खाली काहीही असलं की वाजते. त्या माणसाची बीप खोटी नव्हती, पण त्या बीपनं या रोगाबद्दल काहीच कळत नाही. दिवा तर नुसता उडालेला होता, बस.

शेजारच्या काकू म्हणाल्या चिंच-मीठ लाव. भांड्याला लावा, इथे नाही, आंबट-खारट आट्यांमध्ये राहिलं की परत कळकणार. बारीक पॉलिश पेपरनं दोन्ही टोकं लख्ख केली, घोड्याच्या स्विचचे काळे पडलेले पॉईंट साफ केले, कडक झालेली वायर बदलली. नवीन बिट दोन मिलिमीटरच्या भरीव तांब्याच्या तारेचं वाकवलं आणि तापताक्षणी त्याला राळ आणि शिसं दिलं, म्हणजे टोकावर कल्हईच चढली. भांडी बाजारातले कल्हईवाले नवसागर वापरतात, तो मात्र वायरच्या कामात आणायचा नाही, तांबं खातो. परत सिरीज बोर्डावर लावली, घोडा दाबला, आणि बल्ब उजळला.

भावाचे लग परत केले, त्यानंतर त्याचा त्यासाठी फोन नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ऐकल्यावर तर आण्णांसाठीच केलं असंच वाटतं. असेल. आण्णांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळायला हवं होतं असं मला वाटतं, आणि ते मिळालं तेव्हा ते नव्हते, याचा त्रास होतो, तो लपवत नाही. पण समजा ही गन कुठल्या अनोळखी माणसाची असती आणि तिच्याबद्दल कोणी असंच न बघता बोललं असतं, तरी मी नट खोलला असता. निदान आजची मी खोलला असता. तुम्हाला पटत नसेल तर नका मानू, पण आठवण म्हणून दुरुस्त केली असं माझ्या तोंडावर तरी म्हणू नका.

आणि तुमच्याकडे गुरगुरणारी पण न तापणारी गन पडली असेल तर आधी प्लग काढा, दोन्ही नट सैल करून परत आवळा. बऱ्याचदा एवढ्यानंच थर मोडतो. सलग दाबून ठेवू नका, काही सेकंद दाबायचं, मग सोडून गार होऊ द्यायचं. बिट वापरून वापरून बारीक होतं कारण कथिलात तांबं विरघळत जातं, ते बदलायचंच असतं, त्याला बिघाड म्हणत नाहीत. माझं आत्ताचं बिट टोकाला बारीक झालंय, पुढचं तयार करून ठेवलंय. दिवा अजून मिळालेला नाही, त्या मापाचा कोणाकडे असेल तर सांगा.