गुरूंच्या सिनेमांतली मधली रिळं

ग्वाल्हेर, शनिवार

५ सप्टेंबरचा शिक्षक दिन जवळ आला की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळींत आणि शाळांच्या स्टाफरूममध्ये तोच प्रश्न निघतो: यंदा मुलांना आणि पालकांना कुठला सिनेमा दाखवायचा? उत्तर बहुतेक वेळा ‘तारे जमीन पर’ (२००७) असतं, आणि ते चांगलंच आहे. पण सिनेमा संपतो तेव्हा लक्षात राहते ती चित्रकलेची स्पर्धा. डोळे भरून येतात, ‘असे सर हवेत’ म्हणत लोक उठतात. सरांनी नेमकं काय केलं, हे कुणी विचारत नाही. शिकवणं असतं ते मधल्या रिळांत, आणि बोलायला हवं ते त्यांच्यावरच.

या सिनेमातला सर्वांत मोलाचा प्रसंग वह्यांचा. चित्रकलेचे निकुंभ सर वाचता-लिहिताना अडखळणाऱ्या, डिस्लेक्सिया असलेल्या इशानच्या वह्या घेऊन बसतात आणि चुका मोजण्याऐवजी त्यांची जात शोधतात. कुठलं अक्षर उलटं पडतं, कुठली दोन अक्षरं एकमेकांच्या जागी येतात, एकच शब्द वेगवेगळ्या तऱ्हेने कसा लिहिला जातो, हे ते पाहतात. मग घरी जाऊन वडिलांसमोर एक खोका धरतात आणि त्यावरचा चिनी मजकूर वाचायला सांगतात. वडील चिडतात, आणि मुलाची रोजची अवस्था काही क्षण त्यांच्या वाट्याला येते.

आपल्याकडे हे करायला चिनी खोक्याची गरज नाही. शिंदेशाहीचे कितीतरी जुने कागद मोडी लिपीत आहेत. मोडीच्या एका पानाची झेरॉक्स पालकांच्या हातात द्यावी, एक मिनिटाची वेळ लावावी आणि मोठ्याने वाचायला सांगावं. भाषा आपलीच, तरी डोळा अडतो. ‘लक्ष दे की, सोपं तर आहे’ असं मागून कुणीतरी म्हणावं. एवढं झाल्यावर पालकांशी बोलणं सोपं जातं.

वह्या तपासण्याची रीतही सिनेमातून उचलण्यासारखी आहे, पण देवनागरीला बेतून घ्यावी लागते. एका मुलाची वेगवेगळ्या आठवड्यांतली तीन पानं घ्यायची: एक फळ्यावरून उतरवलेलं, एक श्रुतलेखनाचं, एक मनाने लिहिलेलं. लाल शाई बंद, पेन्सिलीने फक्त अधोरेखा. मग चुका रकान्यांत मांडायच्या. सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या वेगळ्या: ध-घ, भ-म, थ-य, ब-व. वेलांटीच्या वेगळ्या, कारण ऱ्हस्व वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर; गोंधळणारी मुलं ती भलत्याच अक्षराला लावतात. जोडाक्षरांतल्या ‘र’च्या वेगळ्या, कारण ‘प्रकार’, ‘सूर्य’ आणि ‘राष्ट्र’ या तीन शब्दांत त्याची तीन रूपं आहेत.

ग्वाल्हेरात आणखी एक रकाना लागतो, हिंदीच्या सवयीचा. आपली मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी लिहितात. म्हणून मराठीत ‘कवि’ आणि ‘गुरु’ असं ऱ्हस्व लिहितात, ‘ळ’च्या जागी ‘ल’ घालतात. याला अडचण समजू नये. ती एका भाषेचा नियम दुसरीला लावतात, आणि तोही दर वेळी अगदी नेमाने. फरक ओळखायची खूण हीच आहे. सवयीची चूक प्रत्येक पानावर तशीच येते. वाचन-लेखनाची खरी अडचण असेल तर एकाच पानावर एकच शब्द तीन प्रकारे चुकतो. या दोन गोष्टी एकत्र केल्या की हुशार मुलगा निष्काळजी ठरतो आणि ज्याला मदत हवी त्याला ‘मराठी कच्चं आहे’ म्हणून सोडून दिलं जातं. दोन्हीत नुकसान मुलाचंच.

चुका फक्त फळ्यावरून उतरवतानाच होत असतील तर आधी डोळे तपासावेत आणि मुलाची बसायची जागा बदलून पाहावी. फक्त श्रुतलेखनात होत असतील तर कान तपासावेत. त्यानंतर मानसशास्त्रज्ञाकडे. सिनेमा बघून कुणी निदान करू नये, हे खेळ सुरू होण्याआधीच सांगायला हवं. नाहीतर दुसऱ्या दिवशी वर्गातल्या चार मुलांना ‘इशान’ म्हणून हाक मारली जाते आणि त्यातलं एखादं मूल खरोखर झगडत असतं.

उपायांचा भाग सिनेमात एका गाण्यात उरकतो: वाळूत अक्षर गिरवणं, मातीची अक्षरं, मोठ्या चौकोनांत लिहून हळूहळू चौकोन लहान करणं, पायऱ्यांवर चढत-उतरत बेरीज-वजाबाकी. रीत बरोबर आहे. डोळा, कान, हात यांनी एकाच वेळी शिकवण्याची ही पद्धत १९३० च्या दशकात मेंदूविकारतज्ज्ञ सॅम्युअल ऑर्टन आणि शिक्षिका अ‍ॅना गिलिंगहॅम यांच्या कामातून उभी राहिली. गाण्यात दिसत नाही तो तिचा वेग. ताटात रव्याचा पातळ थर, एका बैठकीत दोन-तीनच अक्षरं, बोट फिरवताना तोंडाने उच्चार, रोज पंधरा-वीस मिनिटं. चौकोन पाच सेंटिमीटरपासून सुरू करावेत आणि अक्षर चौकोनात नीट बसेपर्यंत लहान करू नयेत. सर्वांत जास्त बिघडतं ते इथे: ‘ध’ आणि ‘घ’ एकाच दिवशी, फरक दाखवण्यासाठी शेजारीशेजारी शिकवले जातात. त्याने गोंधळ पक्का होतो. आधी एक अक्षर हातात पूर्ण बसू द्यावं, दुसरं काही दिवसांनी घ्यावं. आठवड्यातून एकदाच दोन तास बसवण्याने फारसं हाती लागत नाही, रोज थोडं थोडं केलेलंच उपयोगी पडतं.

रविवार

वेळ लपवण्याची खोड या सगळ्याच सिनेमांना आहे. ‘स्टँड अँड डिलिव्हर’ (१९८८) हे त्याचं ठळक उदाहरण. लॉस एंजेलिसच्या गारफील्ड हायस्कूलमधले गणिताचे शिक्षक हाइमे एस्कालांते १९८२ साली गरीब वस्तीतल्या १८ मुलांना कॅल्क्युलस या वरच्या गणिताच्या परीक्षेत उत्तीर्ण करतात. परीक्षा घेणाऱ्यांना संशय येतो, १४ जणांना पुन्हा बसायला सांगतात. १२ जण बसतात आणि बाराही उत्तीर्ण होतात. हे सगळं खरं आहे. पण पडद्यावर वाटतं की साध्या अंकगणितापासून कॅल्क्युलसपर्यंतचा पल्ला जेमतेम एक-दोन वर्षांत गाठला. एस्कालांते शाळेत आले १९७४ मध्ये. कॅल्क्युलसचा पहिला छोटा वर्ग सुरू व्हायलाच १९७८ उजाडलं. खालच्या वर्गांतलं बीजगणित सुधारणं, उन्हाळी वर्ग, इतर शिक्षकांची साथ अशी कित्येक वर्षांची बांधणी होती. ती न दाखवल्यामुळे मुख्याध्यापक सिनेमा बघून नव्या शिक्षकाला विचारतात, ‘तुमच्या वर्गाचा निकाल यंदा का नाही सुधारला?’ हा त्या शिक्षकावर अन्याय आहे, आणि मुलांवरही.

म्हणून ‘ट्वेल्थ फेल’ (२०२३) मनाला अधिक पटतो. तो तर आपल्या अंगणातलाच. चंबळच्या गावातल्या शाळेत परीक्षेच्या वेळी शिक्षकच नक्कल (कॉपी) पुरवतात, एक पोलीस अधिकारी ती थांबवतो आणि बारावीतला मनोज नापास होतो. पुढच्या वर्षी तो नक्कल न करता तिसऱ्या श्रेणीत पास होतो. तिसऱ्या श्रेणीला एवढा मान देणारा सिनेमा विरळाच. मग ग्वाल्हेर, तिथून दिल्ली, पिठाच्या गिरणीतलं काम, पुन्हा पुन्हा दिलेली यूपीएससीची परीक्षा: इथे वेळ लपवलेला नाही. आणि यातला खरा गुरू गौरी भैया, जो स्वतःच्या सगळ्या संधी संपवून बसला आहे. आपण कुठे अडलो हे ठाऊक असलेला माणूस पुढच्याला तिथे सावध करतो. असा माणूस प्रत्येक कोचिंगच्या गल्लीत असतो, त्याच्याकडे मुलांना पाठवायला हवं.

चिनी दिग्दर्शक झांग यिमोऊच्या ‘नॉट वन लेस’ (१९९९) मधली शिक्षिका तेरा वर्षांची. तिला धड शिकवता येत नाही, दिवसाला एकच खडू मिळतो. शहरात हरवलेल्या मुलाला आणायला बसभाडं किती, विटा उचलून ते मिळवायचं तर किती विटा, हे वर्ग मिळून काढतो, आणि फळ्यावर गुणाकार-भागाकार आपोआप येतात. प्राथमिकच्या शिक्षकांना दाखवण्यासाठी याहून चांगला गणिताचा तास पडद्यावर सापडणं कठीण. मराठीत सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘दहावी फ’ (२००२) जरूर बघावा. शाळेत तोडफोड केलेल्या मुलांकडून नुकसान भरून घेण्याची वाट त्यातले सर ज्या धीराने काढतात, ती शिक्षेपेक्षा अवघड आहे.

सोमवार

दाखवण्याबद्दल. ‘तारे जमीन पर’ जवळजवळ पावणेतीन तासांचा आहे, शाळेच्या तासिकेत बसत नाही. तुकडे करून चार दिवस दाखवला तर धागा तुटतो. पालकांना सुट्टीच्या दिवशी सलग दाखवावा; शिक्षकांसाठी मात्र आठ-दहा मिनिटांचा वह्यांचा प्रसंग पुरेसा आहे. तो लावण्याआधी प्रत्येकाच्या हातात खऱ्या वहीचं एक पान द्यावं, मुलाचं नाव झाकून. पानावर काय दिसतं ते आधी लिहून घ्यावं, मग प्रसंग बघावा, मग तेच पान पुन्हा बघावं. चर्चा सिनेमाकडे वळू लागली की पानाकडे परत आणावी. एका बैठकीत दहा-बारा जणांपेक्षा जास्त नकोत, मागे बसलेले वही उघडतच नाहीत.

पालकांच्या खेळानंतर एक गोष्ट फळ्यावर लिहूनच ठेवावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारखी वाचन-लेखनाची अडचण, समाविष्ट आहे. सीबीएसईच्या परीक्षेत प्रमाणपत्र असलेल्या मुलाला दर तासामागे २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो. निकुंभ सर मुख्याध्यापकांकडे जाऊन सवलत मागतात तो प्रसंग बघून टाळ्या पडतात, पण कागद वेळेवर लागतो. त्याची चौकशी आठवीतच करावी. दहावीच्या तोंडावर तपासणी, अहवाल, शाळेचं पत्र एवढं सगळं जुळवताना मुलाची पहिली चाचणी हातची जाते.