परसातलं सिकॅमोर

आमच्या घरामागचं सिकॅमोरचं मोठं झाड कागदोपत्री आमचंच आहे. शरद ऋतूत पन्हळीत साचलेली पानं आम्हीच काढायची. भिरभिरत पडणाऱ्या बियांची रोपं वाफ्यात उगवतात, तीही आम्हीच उपटायची. वादळात फांदी शेजाऱ्यांच्या छपरावर पडली तर भरपाईचा प्रश्नही आमच्याच दारात येणार. मात्र तीच फांदी छाटायची असेल तर आधी कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, लेखी परवानगी हवी.

आम्ही राहतो ते सेल म्हणजे इंग्लंडातल्या मँचेस्टरच्या नैर्ऋत्येचं उपनगर, शहरापासून पाचेक मैलांवर. 1849 मध्ये इथून रेल्वे गेली आणि कापसाच्या धंद्यात पैसा कमावलेली मंडळी धूर मागे टाकून इकडे बंगले बांधायला आली. त्याच मार्गावर आता ट्राम धावते. ओल्ड ट्रॅफर्डही याच मार्गावर. 1990 मध्ये सतराव्या वर्षी सचिनने पहिलं कसोटी शतक ठोकलं ते मैदान मी रोज ऑफिसला जाताना बघते, आणि अजूनही मान आपोआप वळते. बंगलेवाले गेले, बंगल्यांचे फ्लॅट झाले, पण त्या काळात लावलेली झाडं उभी आहेत. सेलचं खरं वैभव तेच, हे मलाही मान्य आहे.

पण मला ऊन हवं होतं. इथला उन्हाळा तो केवढा! त्यात मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यावर दुपारनंतर सावली, आणि जूनमध्ये पानांवर मावा ही कीड पडली की दोरीवरच्या कपड्यांवर चिकट थेंब. म्हणून झाडं छाटणाऱ्या माणसाला बोलावलं. इथे त्याला ट्री सर्जन म्हणतात. त्याने वर बघितलं, मग फोनवर कौन्सिलचा नकाशा उघडला आणि दोर परत गाडीत टाकला. म्हणाला, "याला टीपीओ आहे. परवानगी आणा, मग बोलू."

टीपीओ म्हणजे ट्री प्रिझर्वेशन ऑर्डर. 1990 च्या नियोजन कायद्याखाली कौन्सिल एखाद्या झाडाला संरक्षण देऊ शकते, मग ते कुणाच्याही अंगणात असो. परवानगीशिवाय तोडलं तर खटला होतो आणि दंड पडतो. अर्जाला फी नाही, निर्णयासाठी आठ आठवडे. त्यात नेमकं काय करणार, कुठल्या बाजूच्या फांद्या किती मीटरने कमी करणार, का करणार, सगळं लिहायचं. 'उजेड हवा' एवढं कारण सहसा पुरत नाही. त्यातून झाडावर पक्ष्यांची घरटी असतील तर 1981 च्या वन्यजीव कायद्याने ती संपेपर्यंत थांबायचं, म्हणजे साधारण मार्च ते ऑगस्ट विसराच. वटवाघळं असतील तर आणखी वेगळे नियम. घराचे हप्ते आम्ही भरायचे आणि आमच्याच अंगणात ऊन किती पडावं हे कौन्सिलने ठरवायचं! राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

तरी अर्ज केला. असा अर्ज सगळ्यांना बघायला खुला असतो आणि कुणीही त्यावर मत नोंदवू शकतं. एका संध्याकाळी पलीकडच्या घरातल्या वयस्कर बाई दारात आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. म्हणाल्या, "मी तुमच्या अर्जावर आक्षेप घेणार आहे. तुम्हाला तो दुसरीकडून कळायच्या आधी मीच सांगावं, म्हणून आले." मग त्यांनी शांतपणे सांगितलं की त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे झाड बघत आल्या आहेत, आणि शेंड्याला हात लागू नये एवढंच त्यांचं म्हणणं आहे. खालच्या फांद्यांबद्दल त्यांची तक्रार नव्हती. मला त्या क्षणी काय बोलावं सुचेना. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत मीटिंगमध्ये सगळे चहा पिऊन गप्प उठायचे आणि आठवड्याने निबंधकाकडे कुणाचं तरी पत्र गेलेलं असायचं. तोंडावर येऊन विरोध सांगणारी शेजारीण मला पहिल्यांदा भेटली. तिच्याबद्दल मनात आदर आहे, अर्ज माझ्या विरोधात जाण्याची शक्यता असूनही.

बाबा तेव्हा इथेच होते. चाळीसेक वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, त्यांना इथल्या ब्रुकलँड्सच्या दफनभूमीत जूल या भौतिकशास्त्रज्ञाची कबर बघायची होती. जेम्स प्रेस्कॉट जूल 1889 मध्ये सेलमध्येच गेला. त्याच्या दगडावर 772.55 हा आकडा कोरलाय. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला तेवढे फूट-पौंड काम लागतं, हा त्याने मोजलेला आकडा. बाबांनी तो मला तिथे उभ्याउभ्या समजावला, आणि घरी येऊन खुर्ची थेट सिकॅमोरखाली टाकली. "अगं, एवढी सावली आहे आणि तू ती तोडायला निघालीस?" ठाण्याच्या मे महिन्यातून आलेल्या माणसाला उन्हाची भूक कशी समजावणार?

तेव्हा साहजिकच आमच्या जांभळीचा विषय निघाला. इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा आवारातली जांभूळ गेली. संमतीपत्रावर बाबांची सही होती, माझीही होती, आणि मला त्या सहीचं वाईट वाटत नाही. आईला तीन जिने चढवत नव्हते, लिफ्ट हवी होती. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस जिन्यात बसून दम खात नाही, त्यांनी आम्हाला झाडांवर प्रवचन देऊ नये.

शिवाय कायदा आपल्याकडे नाही असं कुणी समजू नये. महाराष्ट्रात शहरी झाडांचा कायदा 1975 पासून आहे, वृक्ष प्राधिकरण आहे. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. आरेत ऑक्टोबर 2019 मध्ये रातोरात झाडं पाडली, हे इथले मित्र मला ऐकवतात. मी त्यांना इंग्लंडमधलंच शेफील्ड ऐकवते. तिथे नोव्हेंबर 2016 मध्ये पहाटे अंधारात लोकांना उठवून रस्त्यावरची झाडं कापली आणि विरोध करणाऱ्यांना पोलिसांनी धरलं. प्लिमथमध्ये मार्च 2023 च्या एका रात्रीत शंभरावर झाडं आडवी केली. अंधाराचा आडोसा दोन्हीकडे घेतात. फरक एवढाच की इथे नंतर चौकशी होते, अहवाल निघतो आणि चुकलं हे कौन्सिलला छापील कबूल करावं लागतं. शेफील्डचं तसंच झालं. हा फरक मोठा आहे, तो मी नाकारत नाही.

कौन्सिलच्या वृक्ष अधिकारी बाई येऊन गेल्या. खोडाभोवती फिरल्या, बुंध्यावर लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकला, वाफा बघितला, मेथीला काय म्हणतात ते विचारलं. निकाल आला: शेंडा तसाच ठेवायचा, दक्षिणेच्या बाजूच्या खालच्या फांद्या छाटायला परवानगी. शेजारच्या बाईंचं म्हणणं राहिलं, माझ्या वाफ्याला दुपारचं थोडं ऊन मिळेल. काम दोन वर्षांच्या आत करायचं, एकदाच. घरट्यांचा हंगाम संपू दे म्हणून ट्री सर्जनची ऑक्टोबरची तारीख घेतली आहे, आणि त्याने सांगितलेला आकडा ऐकून बाबा म्हणाले की एवढ्या पैशात ठाण्याला वर्षभराची मेथी येईल.