आमची वाटचाल: मॅक, विंडोज आणि येवल्याची पैठणी

नाशिकला कॅनडा कॉर्नरला जिन्याखालची दहा बाय बाराची खोली, भिंतींना राखाडी रंग, खिडकीला काळा पडदा. 2011 ला तिथे आम्ही दोघांनी कलर ग्रेडिंगचं, म्हणजे व्हिडिओचे रंग जुळवून द्यायचं, काम सुरू केलं, मी आणि माझा पंचवटीतला शाळेपासूनचा मित्र. लग्नाचे व्हिडिओ, शोरूमच्या जाहिराती, साखर कारखान्याची एखादी डॉक्युमेंटरी. मधली सात-आठ वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते 2019 चं, कारण त्यावर बाहेर बरंच काही, अगदी आम्ही मॅकवर विंडोज घुसवून लोकांना गंडवतो इथपर्यंत, बोललं गेलं आणि मी तेव्हा गप्प बसलो.

आमचा सगळा धंदा मॅकवर. ग्रेडिंग रिझॉल्व नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि मॉनिटर मॅकला एसडीआयने, म्हणजे व्यावसायिक व्हिडिओच्या केबलने जोडलेला, मॅकच्या थंडरबोल्टला लावलेल्या डबीतून. पण आमचं कॅलिब्रेशनचं, म्हणजे मॉनिटरचे रंग मोजून बरोबर करायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं. आधी आम्ही बूटकॅम्पने विंडोज टाकलेलं, म्हणजे कॅलिब्रेशन करायचं तर मॅक बंद करून विंडोजमध्ये चालू करायचा, आणि मध्येच क्लायंट दारात आला की परत उलटं. पार्टनर वैतागला. म्हणाला पॅरलल्स घेऊ, मॅकच्या आतच विंडोज, खिडकी उघडली की झालं. मीही हो म्हणलो, चूक दोघांची होती हे आधीच लिहून ठेवतो.

आता गंमत अशी की आतल्या विंडोजला थंडरबोल्टची डबी दिसत नाही. यूएसबीचा प्रोब, म्हणजे स्क्रीनवरचा रंग मोजणारं यंत्र, दिसतो, पॅरलल्स विचारतं मॅकला देऊ का विंडोजला, तेवढं ठीक, पण मोजायचे रंगाचे पॅचेस एसडीआयवर टाकायचे कसे? मग पार्टनरने शॉर्टकट काढला. मॉनिटरला एचडीएमआयनेही मॅक जोडला, विंडोजची खिडकी त्या मॉनिटरवर मोठी करून ठेवली आणि पॅचेस तिथेच दाखवले. रात्री साडेनऊला बसलो. प्रोब स्क्रीनवर लोंबकळत ठेवला, त्याचं वजन मॉनिटरच्या मागे सोडलं, मॉनिटर जरासा मागे कलता केला म्हणजे प्रोब काचेला बसतो. 17 चा क्यूब, म्हणजे लाल, हिरवा, निळा प्रत्येकाच्या 17 पायऱ्या, एकूण 4913 पॅचेस, एकाला तीन सेकंद धरले तरी चार तास. दिवे बंद, स्क्रीनवर करडा, मग लाल, मग घाणेरडा शेवाळी, परत करडा. दीडला झालं. रिपोर्ट काढला तर डेल्टा ई, म्हणजे रंगातली चूक, सगळीकडे एकच्या आत. आम्ही बाहेर जाऊन चहा घेतला, खूष होऊन.

तो रिपोर्ट खोटा नव्हता, हेच कुणाला समजावता येत नाही. मॅकच्या डेस्कटॉपवरून जाणारा प्रत्येक रंग कलरसिंकमधून, म्हणजे मॅकच्या स्वतःच्या रंग सांभाळणाऱ्या यंत्रणेतून जातो, आणि तिथे त्या मॉनिटरच्या नावाने कधीतरी केलेली जुनी प्रोफाईल लागलेली होती. म्हणजे मॅक रंग आधीच बदलून पाठवत होता, ती चूक मॉनिटरची समजून आमच्या लटने, म्हणजे कॅलिब्रेशनमधून निघालेल्या रंगदुरुस्तीच्या तक्त्याने, उलटी दुरुस्ती केली, आणि तपासणी पण आम्ही त्याच वाटेने केली, मग आकडे बरोबर येणारच. रिझॉल्वचं चित्र मात्र एसडीआयने जातं, तिथे कलरसिंक मध्ये येतच नाही. राहिली फक्त उलटी दुरुस्ती. मॉनिटर तांबूस झाला, आमचे डोळे दोन दिवसांत त्याला सरावले, आणि आम्ही महिनाभर प्रत्येक कामात तांबडं कमी करत बसलो.

पहिले आले येवल्याचे पैठणीवाले शेठ. आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, पहिल्या वर्षी त्यांनी रोख ॲडव्हान्स दिला म्हणून आमचं डिपॉझिट भरलं गेलं. ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर एसटीने आले, मांडीवर पिशवी, पिशवीत जाहिरातीतली तीच मोरपंखी पैठणी. मॉनिटरशेजारी उलगडून धरली. आमच्या स्क्रीनवर साडी आणि हातातली साडी सारखी! मी म्हणलं बघा शेठ. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, मग मुलाचा टॅब. दोन्हीवर साडी निळी आणि मॉडेलचा चेहरा कावीळ झाल्यासारखा. शेठ शांतपणे म्हणाले, "भाऊ, फक्त तुमच्या खोलीत ही माझी पैठणी आहे. बाहेर सगळीकडे दुसऱ्या कुणाची आहे."

(तसं बघायला गेलं तर गर्द मोरपंखी रेक 709 मध्ये, म्हणजे टीव्हीसाठी ठरलेल्या रंगांच्या मर्यादेत, पूर्ण मावतच नाही, तो रंग टीव्हीवर थोडा मरतोच. पण तेव्हा हे सांगायची माझी छाती झाली नाही.)

त्या महिन्यात चार कामं परत आली. अडीच लाख परत दिले, मॉनिटरचे हप्ते चालूच, दोन महिने भाडं थकलं. आणि त्याच वेळी पार्टनर बाहेर पडला, गंगापूर रोडला स्वतःचं सुरू केलं, आमची गिऱ्हाइकांची वही अर्धी त्याच्या डोक्यात होतीच. त्याचंही मला काही नाही, धंदा आहे. पण तो लोकांना सांगायला लागला की मॅकवर कॅलिब्रेशन होतच नाही, ते लोक विंडोज घुसवून गंडवतात. अरे, त्या रात्री खिडकी कुणी मोठी केली होती? भागीदारी करणाऱ्यांनो, स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या, मैत्री आहे म्हणून तर आधी घ्या.

उत्तर शेवटी रिझॉल्वमध्येच सापडलं. वर्कस्पेस मेन्यूत मॉनिटर कॅलिब्रेशन आहे, तिथे विंडोजचा आयपी टाकायचा, पोर्ट 20002. मग मोजणी विंडोज करतं आणि पॅच दाखवतो रिझॉल्व, रोजच्या कामाच्याच एसडीआयवरून. पॅरलल्सचं नेटवर्क ब्रिज्डवर ठेवा म्हणजे विंडोजला राऊटरकडून स्वतःचा आयपी मिळतो, आणि विंडोजचं फायरवॉल पहिल्यांदा अडवतंच, मी त्यात एक अख्खा रविवार घालवला. आणि पॅच बदलल्यावर अर्धा-एक सेकंद थांबायला सांगा, नाहीतर प्रोब आधीचाच पॅच वाचतो. परत चार तास बसलो, एकटा. शेठची जाहिरात फुकट परत ग्रेड केली, ते नको म्हणत होते तरी.

विचारलं नाहीत तरी सांगतो. मॉनिटर अर्धा तास तापू द्या. मॅकची झोप बंद करा, साडेतीन हजाराव्या पॅचला स्क्रीन काळी झालेली मी पाहिलीय. यूपीएस घ्या, लाईट मध्येच जाते. आणि कॅलिब्रेशन झाल्यावर ज्या वाटेने रोज काम करता त्याच वाटेने तपासा, वर एक ओळखीचा चेहरा लावून बघा, आकडे मागाहून.

2020 च्या नोव्हेंबरात इंटेलऐवजी ॲपलच्या स्वतःच्या चिपचे एम1 वाले मॅक आले, त्यात बूटकॅम्प गेलं. आम्ही 2022 ला घेतला. पॅरलल्समध्ये आता एआरएमचं, म्हणजे तसल्या चिपसाठीचं विंडोज, सॉफ्टवेअर एम्युलेशनमध्ये, म्हणजे इंटेलची नक्कल करून, चालून जातं, साधा प्रोब पण चालला कारण त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पण मुंबईहून भाड्याने आणलेला स्पेक्ट्रो, म्हणजे जास्त अचूक रंग मोजणारं यंत्र, काही केल्या दिसेना, त्याचा ड्रायव्हर इंटेलचा, आणि ड्रायव्हर एम्युलेशनमध्ये चालत नाही. भाड्याचा दिवस संपत आलेला. शेवटी रविवार कारंज्याजवळून चौदा हजारांचा जुना विंडोज लॅपटॉप उचलला, कीबोर्डवरचा एक एंटर निघालेला. तोच आता आमचा मोजणीवाला. पॅच अजून मॅकच दाखवतो.

म्हणजे पार्टनर बरोबर होता असं कुणी म्हणू नका. मागच्या दिवाळीत तो रस्त्यात भेटला, म्हणाला ऐकलं लॅपटॉप घेतलास. मी म्हणलं हो, आणि तू? त्याचा मॉनिटर वर्षभर मोजलेलाच नाही. प्रोब मागत होता दोन दिवसांसाठी.

दिला नाही. त्याला म्हणलं मॉनिटर घेऊन ये, इथे करून देतो, पैसे लागतील. अजून आला नाहीये.