आमची वाटचाल: वहीतले पाच रकाने

बाबांनी १९९३ साली जुनी मॅटाडोर घेतली तेव्हा आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात एका वाड्यात भाड्याने राहत होतो. मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) एका कारखान्याच्या पहिल्या पाळीची माणसं पोहोचवायचं काम मिळालं होतं. गाडी बाबा स्वतःच चालवायचे. आईने त्यांना दोनशे पानी वही आखून दिली होती. त्यात तीन रकाने होते: किलोमीटर, डिझेल, खर्च. टाकी गच्च भरायची, पुन्हा गच्च भरेपर्यंत गाडी किती चालली ते बघायचं आणि भागाकार करायचा. ॲव्हरेज अर्ध्या किलोमीटरने जरी उतरलं तरी बाबा दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला न्यायचे.

आज आमच्या सतरा गाड्या आहेत. हिशोब संगणकावर होतो, तरी प्रत्येक गाडीची वेगळी वही आम्ही सोडलेली नाही.

सगळ्यात जास्त ओढाताण डिझेलने केली. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याच्या भावावरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि जून २०१७ पासून भाव रोज बदलू लागला. आमचे करार मात्र वर्षभराच्या बांधील दराचे. २०१८ साली भाव चढत गेले आणि मला एक बस विकून पगार भागवावे लागले. त्या दिवाळीनंतर मी वह्या घेऊन एका कंपनीच्या व्यवस्थापकांसमोर बसलो. आमची बस लिटरला सहा किलोमीटर देते. म्हणजे डिझेल ६ रुपयांनी वाढलं की किलोमीटरमागे १ रुपया वाढतो. रोजचे ८० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, एका बसमागे २,०८० रुपये. त्यांनी वही उलटसुलट चाळली आणि करारात डिझेल फरकाचं कलम घातलं. भाव उतरला तर आम्हीही दर उतरवायचा, असं त्यात लिहा म्हणून मीच आग्रह धरला. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने डिझेलवरचं उत्पादन शुल्क १० रुपयांनी कमी केलं, तेव्हा कोणी मागायच्या आत आमचं बिल कमी होऊन गेलं. ती कंपनी आजही आमच्याकडे आहे.

चौथा रकाना चुकीतून आला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या कडक नियमांच्या, गाड्या आल्या. आमच्या नव्या बसला डिझेलखेरीज युरियाची वेगळी टाकी होती, धूर स्वच्छ करण्यासाठी. ती रिकामी झाली तर इंजिनाची ताकद आपोआप कमी होते, हे आम्हाला शोरूममध्ये सांगितलं होतं, पण वहीत त्याला जागाच नव्हती. एका दुपारी पोर गावातल्या कारखान्याची दुसरी पाळी घेऊन निघालेली बस जांबुवा पुलाजवळ मुंगीसारखी चालू लागली. मागे ट्रकांची रांग, आत अडतीस माणसं. पाळी चुकली, दंड कापला गेला आणि तो योग्यच होता. आमचे गॅरेजवाले काका नुसत्या आवाजावरून इंजिनाचा दोष ओळखतात. पण या गाडीपुढे त्यांचाही कान चालेना, स्कॅनर लावावा लागला. त्या रात्री प्रत्येक नव्या गाडीच्या वहीत ‘युरिया’ रकाना आखला. काकांच्या मुलाला स्कॅनरचं काम शिकायला पाठवलं, निम्मा खर्च आम्ही उचलला.

पाचवा रकाना विश्रांतीचा. तो आखायला मला फार उशीर झाला, याची खंत आहे.

रात्री बाराची पाळी सोडून तोच चालक पहाटे पाचला परत उचलायला जाई. याला ‘डबल’ म्हणतात, त्याचा भत्ता मिळतो आणि चालक स्वतः ती मागून घेतात. एका कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याने चालकांच्या तासांचा तक्ता मागितला तेव्हा माझ्याकडे तो नव्हता. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेला मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ सालचा होता. पाच किंवा जास्त कामगार असले की तो लागू होई. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती. तो मी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा वाचला. मग जीपीएसच्या नोंदी काढल्या. डबल केलेल्या चालकांच्या गाडीला पहाटे अचानक लागलेले ब्रेक इतरांपेक्षा कितीतरी जास्त होते. त्या गाड्यांमध्ये कोणाकोणाची मुलं-माणसं बसलेली असतात, ते आठवून हात गार पडले.

डबल बंद केली. आमच्याकडचे सर्वांत जुने चालक म्हणाले, “भाई, मग घराचा हप्ता कसा भरू?” त्यांचं खोटं नव्हतं. भत्त्याचा मोठा भाग मूळ पगारात घातला, तीन नवे चालक घेतले आणि दर वाढवला. वाढलेल्या दरामुळे एक करार गेला. त्या जागी दुसरा मिळायला आठ महिने लागले, पण विश्रांतीचा नियम मोडला नाही. मोडणारही नाही.

सीएनजीच्या चार लहान गाड्या आहेत. त्यांच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करून घ्यावी लागते, तिची तारीख वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईत असते. दसऱ्याला सगळ्या गाड्यांना झेंडूची माळ घालतो, तेव्हा वह्याही पूजेत ठेवतो.

आता पोरच्या कंपनीने इलेक्ट्रिक बसबद्दल विचारलंय. दोन पाळ्यांच्या मध्ये बस पाच तास उभी असते. चार्जर त्यांच्याच आवारात लागला तर आमचा हिशोब बसतो, नाहीतर चार्जिंगसाठी शहरापर्यंत रिकामी फेरी पडते. पुढच्या महिन्यात बैठक आहे. त्या मार्गावरच्या बसची वर्षभराची वही घेऊन जाणार आहे.